लाल विटांची टेकडी

फिनलंडच्या शाळा हा आपल्याकडच्या शिक्षणचर्चेचा आवडता विषय आहे. २००० साली शालेय मुलांची पहिली आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणी झाली, पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिचे निकाल लागले आणि वाचनात फिनलंडची मुलं पहिली आली. तेव्हापासून शिक्षकांच्या शिबिरात फिनलंडचं नाव निघालं नाही, असं क्वचितच घडतं. परीक्षा कमी, गृहपाठ कमी, खेळ जास्त, शिक्षकाला मान मोठा ही यादी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. या मानकऱ्यांना घडवणारी जागा कशी आहे, याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही. अभ्यासक्रम मागवता येतो, भाषांतरित करता येतो. इमारत जागची हलत नाही, म्हणूनही असेल.

ही जागा हेलसिंकीत नाही. राजधानीपासून उत्तरेला, सरोवरांच्या प्रदेशात युवास्क्युला नावाचं गाव आहे. १८३७ साली वसवलेलं, म्हणजे युरोपच्या हिशेबाने अगदीच कोवळं. गावाला लागून पाईनच्या झाडांची एक टेकडी आहे, तिचं नाव सेमिनारिनमाकी, अर्थात सेमिनारची टेकडी. सेमिनार म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यालय. या टेकडीवर विसाव्या शतकातल्या थोर वास्तुशिल्पकारांपैकी एक असलेल्या अल्वार आल्टोने १९५० च्या दशकात शिक्षक महाविद्यालयाचा लाल विटांचा परिसर उभा केला. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात आल्टोचं पायमिओचं क्षयरोग रुग्णालय गाजतं, व्हिला माइरिया गाजते, हेलसिंकीचं फिनलांडिया सभागृह गाजतं. युवास्क्युलाच्या वाट्याला तेवढी कीर्ती आलेली नाही. पण शिक्षण आणि वास्तू यांचा संबंध पाहायचा असेल, तर या तिन्हींपेक्षा या टेकडीकडे अधिक सांगण्यासारखं आहे.

गोष्ट सुरू होते १८६३ साली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता, आणि त्याआधी सहाशेहून अधिक वर्षं स्वीडनच्या सत्तेखाली असल्यामुळे कचेरी, न्यायालय, उच्च शिक्षण या सगळ्यांची भाषा स्वीडिश होती. बहुसंख्य लोक बोलत ती फिनिश भाषा शेतावरची, चुलीजवळची. तिला सरकारदरबारी जागा देणारं फर्मान झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६३ मध्येच काढलं. त्याच वर्षी युवास्क्युलामध्ये फिनिश भाषेतून शिक्षक तयार करणारं देशातलं पहिलं सेमिनार उघडलं.

हे गाव निवडलं जाण्यामागे कारणं होती. किनाऱ्यालगतच्या शहरांवर स्वीडिश भाषेचा पगडा. युवास्क्युला मात्र आत, फिनिशभाषक मुलखात. फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा १८५८ साली इथेच निघालेली. गावचा सरकारी डॉक्टर वोल्मार शिल्ट हा भाषेचं वेड लागलेला गृहस्थ होता. विज्ञान आणि कला या दोन गोष्टींना फिनिशमध्ये आज जे शब्द वापरतात, ते त्याने घडवलेले आहेत. १८४७ मध्येच त्याने युवास्क्युलात फिनिश भाषेचं विद्यापीठ काढावं अशी सूचना केली होती. गावाची वस्ती तेव्हा काही शेकड्यांत होती. विद्यापीठ निघायला पुढे एकशे एकोणीस वर्षं लागली.

सेमिनारचा पहिला संचालक होता उनो सिग्नेयुस. हा माणूस पेशाने पाद्री. रशियाच्या ताब्यातल्या अलास्कात, सिटका इथे त्याने पाच वर्षं काढली, नंतर सेंट पीटर्सबर्गमध्ये फिनिश मंडळींच्या चर्चमध्ये आणि शाळेत काम केलं. शाळाव्यवस्था उभी करायची जबाबदारी अंगावर येताच १८५८-५९ मध्ये तो युरोपभर फिरला आणि जर्मनी, स्वित्झर्लंडमधली शिक्षक विद्यालयं त्याने डोळ्यांनी पाहिली. पेस्टालॉझी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांचे विचार त्याच्या मनात मुरले होते. परत आल्यावर त्याने जो आग्रह धरला, तो त्या काळात विक्षिप्तच वाटला असणार: प्रत्येक मुलाने शाळेत हाताने काहीतरी बनवायला शिकलं पाहिजे, आणि ते धंदा म्हणून नव्हे, तर बुद्धी घडवण्यासाठी. १८६६ च्या लोकशाळा कायद्याने फिनलंडमध्ये हस्तकला सक्तीचा विषय झाली. असं करणारा हा जगातला पहिला देश.

मग शिक्षकांना आधी सुतारकाम, विणकाम, बागकाम यायला हवं. सेमिनारमध्ये ते शिकवलं जाई. स्वीडनमध्ये हस्तकलाशिक्षणाचं नेस इथलं प्रसिद्ध केंद्र चालवणारा ओटो सालोमन १८७७ मध्ये सिग्नेयुसला भेटायला फिनलंडला आला, आणि पुढे त्याच्या शिबिरांतून हा विचार जगभर पसरला. वर्ध्याला १९३७ साली मांडलेली नई तालीम मराठी वाचकाला इथे आठवेल. गांधीजींच्या विचाराची मुळं वेगळी होती, त्यात स्वावलंबनाचं अर्थकारण होतं. पण हातातून डोक्याकडे जाणारी वाट दोघांनाही दिसली होती.

पहिल्या तुकडीत स्त्रिया आणि पुरुष दोघंही होते. त्यांतली एक मुलगी कुओपिओहून आलेली, कापडाच्या दुकानदाराची लेक. दोन वर्षांनी तिने सेमिनारच्याच निसर्गशास्त्राच्या शिक्षकाशी, योहान फर्डिनांड कान्थशी लग्न केलं आणि शिक्षण अर्धवट सोडलं. १८७९ मध्ये नवरा वारला तेव्हा पदरात सहा मुलं आणि सातवं पोटात. माहेरच्या गावी परतून तिने दुकान चालवलं आणि नाटकं लिहिली. ती मिन्ना कान्थ, फिनिश रंगभूमीची एक मोठी नाटककार. स्त्रियांना शिकू द्या, कमवू द्या, मालमत्तेवर हक्क द्या, हे तिने रंगमंचावरून ठणकावून सांगितलं. १९ मार्च या तिच्या जन्मदिवशी आज फिनलंडमध्ये राष्ट्रध्वज फडकतो. सेमिनारची सर्वांत नामवंत विद्यार्थिनी अशी पदवी न घेतलेली निघावी, याची संस्थेला खंत वाटत असेल की अभिमान, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुरुवातीची वर्षं भाड्याच्या घरांत गेली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेमिनार टेकडीवर आलं. कॉन्स्टंटिन किसेलेफ या वास्तुविशारदाने आराखडे केलेल्या लाल विटांच्या इमारती झाडांमध्ये उभ्या राहिल्या. गावातली बाकीची घरं लाकडाची होती. विटेची इमारत म्हणजे सरकारने या कामावर पैसा ओतल्याची खूण, आणि आगीपासून थोडं संरक्षण. या विटांकडे पुन्हा यावं लागेल.

१९३४ मध्ये सेमिनारच्या जागी शिक्षणशास्त्राचं महाविद्यालय आलं. प्राथमिक शिक्षकालाही बारावीनंतरचं उच्च शिक्षण हवं, हा विचार त्यामागे होता, आणि त्या काळी तो धाडसाचा होता. जुनं सेमिनार १९३७ पर्यंत सोबतीने चाललं. दोन वर्षांनी युद्ध आलं.

युद्धानंतरचा फिनलंड समजून घेतल्याशिवाय आल्टोच्या इमारतींमागची निकड कळत नाही. सोव्हिएत युनियनशी दोनदा लढून देशाने आपला दहावा हिस्सा गमावला होता. त्यात विईपुरीसारखं मोठं शहर गेलं, आणि सोर्टावाला इथलं जुनं शिक्षक सेमिनारही गेलं. गमावलेल्या कारेलिया प्रांतातून चार लाखांहून अधिक निर्वासित आले. चाळीस लाखांच्या देशात त्यांना घरं, जमिनी द्यायच्या होत्या. वर तीस कोटी डॉलरची युद्धखंडणी जहाजं आणि यंत्रांच्या रूपात फेडायची होती. तिचा शेवटचा हप्ता १९५२ साली गेला. आणि याच धामधुमीत पाळणे हलत होते. १९४६ ते १९४९ या चारही वर्षांत दरसाल लाखावर मुलं जन्मली. ही मुलं पन्नाशीच्या दशकात शाळेच्या दारात उभी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिक्षक हवे होते, पुष्कळ, आणि लवकर.

महाविद्यालयाच्या नव्या परिसरासाठी १९५१ मध्ये स्पर्धा झाली. स्पर्धकांनी आराखडा टोपणनावाने पाठवायचा असतो. जिंकलेल्या आराखड्यावर 'उर्ब्स' असं लिहिलेलं होतं, म्हणजे लॅटिनमध्ये नगर. तो आल्टोचा होता.

आल्टो गावाला नवखा नव्हता. जन्म कुओर्ताने इथला, १८९८ चा, पण पाच वर्षांचा असताना कुटुंब युवास्क्युलाला आलं. वडील भूमापक. टेबलावर नकाशे पसरलेले आणि टेबलाखाली मुलगा चित्रं काढतोय, अशा घरात तो वाढला. शिक्षण त्याच पहिल्या फिनिश माध्यमाच्या शाळेत, १९१६ पर्यंत. हेलसिंकीत वास्तुकला शिकून १९२३ मध्ये त्याने पहिलं कार्यालय थाटलं तेही युवास्क्युलातच. पुढच्या वर्षी त्या कार्यालयात काम करणाऱ्या आयनो मार्सिओ या वास्तुविशारद तरुणीशी त्याचं लग्न झालं. कामगारांच्या क्लबची १९२५ ची इमारत अजून गावात उभी आहे. वरच्या मजल्याचा बंद ठोकळा खांबांवर तोललेला, खाली काचा. तरुण माणसाचं इटलीवरचं प्रेम त्यात लपत नाही. १९२७ मध्ये दोघं तुर्कू शहरात गेली आणि तिथून जगभर पोहोचली.

जगभर पोहोचली ती पांढऱ्या इमारतींच्या जोरावर. पायमिओचं रुग्णालय, विईपुरीचं ग्रंथालय, सपाट छप्परं, गुळगुळीत भिंती: १९३० च्या दशकातल्या आधुनिकतेचा हाच चेहरा होता. पण आल्टोला त्या चळवळीतलं यंत्रप्रेम लवकरच खटकू लागलं. १९३५ मध्ये स्वीडनमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्याने तेव्हाच्या फॅशनेबल नळीच्या स्टीलच्या खुर्चीची चिरफाड केली. ती स्पर्शाला थंड, तिच्यावरून प्रकाश डोळ्यांत खुपतो, खोलीत आवाज घुमतो. तर्कशुद्ध म्हणवणाऱ्या वस्तूने माणसाच्या कातडीचा, डोळ्याचा, कानाचा विचारच केलेला नाही, मग ती पुरेशी तर्कशुद्ध कशी, असा त्याचा मुद्दा होता. उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात उघड्या धातूला हात लावलेल्या माणसालाच हे सुचावं.

१९४० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवताना त्याने चार्ल्स नदीकाठी विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधलं, बेकर हाउस. त्यासाठी त्याने मुद्दाम ओबडधोबड विटा निवडल्या; भट्टीत जास्त भाजून वाकड्या झालेल्याही फेकू दिल्या नाहीत, भिंतीतून त्या पुढे आलेल्या आजही दिसतात. १९४९ च्या जानेवारीत आयनो गेली. त्यानंतरच्या काळात युवास्क्युलाजवळच्या एका बेटावर सायनत्सालोचं ग्रामसभागृह झालं, लाल विटांचं, मधोमध उंचावर अंगण असलेलं. त्या कामावर असलेल्या एलिसा माकिनिएमी या तरुण वास्तुविशारदाशी त्याने १९५२ मध्ये लग्न केलं. शेजारच्या मूरात्सालो बेटावर दोघांनी उन्हाळ्यातलं घर बांधलं. त्या घराच्या अंगणाच्या भिंतींत सुमारे पन्नास चौकटी आहेत, प्रत्येकीत वेगळ्या विटा, वेगळी रचना, वेगळी दर्ज. कोणती वीट पावसाबर्फात कशी टिकते, कशी दिसते, याची ती उघड्यावरची प्रयोगवही.

म्हणजे टेकडीवरचं काम सुरू झालं तेव्हा आल्टो विटेत पुरता बुडालेला होता, आणि हाकेच्या अंतरावर होता. बेटावरच्या घरी जायला त्याने स्वतः आराखडा करून एक मोटारबोट बनवून घेतली आणि तिला नाव दिलं 'नेमो प्रोफेटा इन पात्रिया', म्हणजे स्वतःच्या गावात कोणी प्रेषित नसतो. ज्या गावाने सबंध टेकडी त्याच्या हवाली केली, त्याच गावच्या पाण्यात हे नाव मिरवणं हा शुद्ध खट्याळपणा आहे.

आता त्या नगराकडे. शिक्षक महाविद्यालय म्हटलं की डोळ्यांसमोर एक लांबलचक इमारत येते: मध्ये व्हरांडा, दोन्हीकडे वर्ग, टोकाला प्राचार्यांची खोली. आल्टोने सगळं एका छपराखाली कोंबलं नाही. टेकडीच्या कडेकडेने, घोड्याच्या नालेसारख्या आकारात त्याने वेगवेगळ्या इमारती मांडल्या: सभागृह आणि व्याख्यानकक्ष असलेली मुख्य इमारत, सरावशाळा, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, भोजनगृह, विद्यार्थ्यांची वसतिगृहं, शिक्षकांची घरं. मधली मोकळी जागा खेळाच्या मैदानाला आणि झाडांना दिली. गाड्या बाहेरच्या बाजूने येतात आणि बाहेरच थांबतात. आत फक्त चालणारे. अमेरिकेतल्या महाविद्यालयांची हिरवळीभोवती मांडलेली आवारं त्याने पाहिली होती, त्यांचा संस्कार इथे स्पष्ट आहे. पण हिरवळीच्या जागी धावपट्टी आणि पाईन, ही अदलाबदल फिनिश म्हणावी अशी. किसेलेफच्या जुन्या इमारतीही त्याने पाडल्या नाहीत. नव्या इमारतींनी जुन्यांचीच लाल वीट घेतली आणि दोन शतकांतल्या इमारती एका कुटुंबातल्या झाल्या. वीट निवडण्याला आल्टोची स्वतःची कारणं होतीच. या टेकडीवर मात्र ती शेजारधर्म म्हणूनही आली.

मैदान मध्यभागी असण्याला सौंदर्यापलीकडचा अर्थ होता. ग्रंथालय मध्ये ठेवलं असतं, सभागृह ठेवलं असतं, तर कोणी हरकत घेतली नसती. विद्येच्या जागेत विद्येचंच मंदिर मध्ये असणार. इथे शरीर मध्ये आहे. गावोगावच्या शाळांत जाणारा शिक्षक गणिताबरोबर कवायत आणि खेळही शिकवणार होता. व्याख्यानाला जाताना रोज मैदान ओलांडणाऱ्या माणसाला खेळाचा तास हा वेळापत्रकातला भरणा वाटण्याची शक्यता कमी. हे अनुमान आहे हे खरं, पण नंतरचा इतिहास त्याला पुष्टी देतो: १९६३ पासून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचं प्रशिक्षणही इथे सुरू झालं, आणि आज देशातली क्रीडा व आरोग्यशास्त्राची एकमेव विद्याशाखा याच विद्यापीठात आहे. तिच्यासाठीची इमारतही आल्टोचीच, १९७१ ची.

सरावशाळा हा या परिसराचा खरा कणा. आपल्याकडे डी.एड. केलेल्या प्रत्येकाला सराव पाठ म्हणजे काय ते ठाऊक आहे: टाचण काढायचं, शैक्षणिक साहित्याच्या पिशव्या घेऊन गावातल्या कुठल्यातरी शाळेत जायचं, तिथल्या गुरुजींची मर्जी सांभाळत तासभर उसन्या वर्गावर शिकवायचं आणि परत यायचं. फिनलंडमध्ये सरावशाळा महाविद्यालयाचीच असते. तिथली मुलं खरी, शाळा पूर्णवेळ, आणि शिक्षक दुहेरी कामाचे: मुलांना शिकवणारे आणि भावी शिक्षकांना मार्गदर्शन करणारे. विद्यार्थी-शिक्षक आधी मागे बसून पाहतो, मग शिकवतो, मग त्याच्या शिकवण्यावर चर्चा होते. आल्टोच्या आराखड्यात ही शाळा त्याच नालेत आहे. सकाळी बालमानसशास्त्रावरचं व्याख्यान ऐकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला मधल्या सुट्टीत दंगा करणारी मुलं दोन मिनिटांच्या अंतरावर सापडत. सिद्धान्त आणि पोर यांच्यात बसचा प्रवास नसणं, ही सोय कोणत्याही अभ्यासक्रमात लिहून साधत नाही. ती नकाशावरच साधावी लागते.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला मुख्य इमारत पुरी झाली. गावाच्या बाजूने येणाऱ्याला आधी दिसतात विटांच्या मोठ्या, जवळजवळ बंद भिंती; आत मात्र प्रकाश आणि उंची आहे. लाल वीट दारापाशी थांबत नाही, ती आतही चालत येते, त्यामुळे प्रवेशकक्षात शिरल्यावर आपण आत आलो की दुसऱ्या एखाद्या चौकात, असा क्षणभर संभ्रम होतो. रुंद जिने, त्यांच्यावर भेटीगाठी, वेगवेगळ्या पातळ्यांवरून खाली डोकावणारे लोक. इटलीतल्या टेकड्यांवरची गावं आल्टोला तरुणपणापासून प्रिय होती, आणि तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांचं त्याने इथे छपराखाली रोपण केलं. उर्ब्स हे टोपणनाव नुसतं पांडित्य नव्हतं. नगरात माणसं ठरवून आणि न ठरवता दोन्ही प्रकारे भेटतात. शिक्षक होऊ घातलेल्यांसाठी दुसऱ्या प्रकारची भेट कमी महत्त्वाची नाही.

प्रकाशाचं गणित थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात आल्टोची खरी हुशारी आहे आणि फोटोत ती दिसत नाही. युवास्क्युला बासष्ट अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर चढतो, आणि दिवस सुमारे पाच तासांचा. जूनमध्ये उलट, एकोणीस-वीस तास उजेड. हिवाळ्यातला हा सरपटणारा सूर्य खिडकीतून थेट डोळ्यांत घुसतो आणि फळा दिसेनासा करतो. आणि बहुतेक दिवस तर आभाळच भरलेलं असतं. भरलेल्या आभाळाची एक गंमत आहे. ते सगळीकडे सारखं उजळ नसतं. क्षितिजाजवळच्या आभाळापेक्षा डोक्यावरचं आभाळ साधारण तिप्पट उजळ असतं. म्हणून त्याच आकाराचं छिद्र भिंतीऐवजी वर पाडलं तर खोलीत कितीतरी जास्त प्रकाश येतो, आणि तो मऊ, सावली न पाडणारा असतो. विईपुरीच्या ग्रंथालयात आल्टोने छपरात सत्तावन्न गोल शंकू बसवून हा धडा गिरवला होता: वाचकाच्या पुस्तकावर हाताची सावली पडू नये म्हणून. पुढच्या इमारतींत त्याने छपरातली आणि भिंतीच्या माथ्याजवळची उजेडाची छिद्रं वेगवेगळ्या रूपांत वापरली, आणि जिथे डोळ्याला विसावा हवा तिथे मोठ्या काचा झाडांकडे उघडल्या. वर्षातले कित्येक महिने अपुऱ्या उजेडात शाळा चालवणाऱ्या देशाच्या शिक्षकांना हे आतून अनुभवायला मिळालं.

विटेचंही शास्त्र आहे. पाणी शोषलेली वीट गोठली की आतलं पाणी प्रसरण पावतं आणि वीट फुटते. म्हणून थंड मुलखात बाहेरच्या भिंतीला चांगली भाजलेली, कमी पाणी पिणारी वीट लागते. ती वापरली की रंगरंगोटीचा खर्च वाचतो आणि वय झालं की भिंत बिघडण्याऐवजी खुलते. पांढऱ्या गिलाव्याच्या आधुनिक इमारतींना हे भाग्य लाभलं नाही. दहा-वीस वर्षांत त्यांच्यावर ओघळ आले, आणि त्या आजारी दिसू लागल्या. शिवाय वीट एका हातात मावते. गवंड्याच्या हाताचं माप सबंध भिंतीवर उमटलेलं राहतं. आल्टोच्या या काळातल्या इमारतींत दाराच्या पितळी मुठी, जिन्याचे कठडे, लाकडी पट्ट्या, खांबांवर लावलेल्या अर्धगोल चिनीमातीच्या कांड्या या सगळ्या गोष्टी हाताने चाचपून पाहाव्यात अशा असतात. सिग्नेयुसने ज्या संस्थेत हाताला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवलं, तिला नव्वद वर्षांनी असा वास्तुशिल्पकार मिळाला, हा योगायोगच. पण योगायोग जुळून आला.

सगळंच नामी झालं असं म्हणायचं कारण नाही. पोहण्याच्या तलावाची पहिली इमारत १९५५ ची; ती लवकरच अपुरी पडली आणि पुढे अनेकदा वाढवावी लागली. मधोमध मैदान ठेवून कडेला इमारती मांडल्या की आवार देखणं होतं, पण वाढायला जागा उरत नाही. आणि संस्था वाढली, तीही झपाट्याने. १९६६ साली महाविद्यालयाचं युवास्क्युला विद्यापीठ झालं, भाषा, इतिहास, समाजशास्त्र, विज्ञान असे विषय आले. आता तिथे सुमारे चौदा हजार विद्यार्थी आहेत. टेकडीवर एवढं मावणं अशक्य होतं. पुढच्या विस्ताराचं काम आर्तो सिपिनेन या वास्तुविशारदाकडे गेलं, जो एकेकाळी आल्टोच्याच कार्यालयात होता. त्याचं मुख्य ग्रंथालय १९७४ मध्ये टेकडीवर झालं, आणि नंतरचे विभाग खाली सरोवराच्या काठाला, मात्तिलानिएमीला गेले. सिपिनेनने गुरूची लाल वीट उचलली नाही. पांढऱ्या, काटेकोर, चौकोनी शिस्तीच्या इमारती त्याने बांधल्या. आल्टो ज्या पांढऱ्या आधुनिकतेपासून दूर गेला, तिच्याकडे त्याचा शिष्य परत गेला असं म्हणता येईल. काठावरून टेकडीकडे पाहताना हे भांडण, किंवा संभाषण, अजून चालू असलेलं दिसतं.

तीच टेकडी आल्टोला पुढच्या मोठ्या कामाची रंगीत तालीमही ठरली. हेलसिंकीजवळ ओटानिएमीला तंत्रविद्यापीठाचा आराखडा त्याने १९४९ मध्येच जिंकला होता, पण त्याची मुख्य इमारत उभी राहिली साठीच्या दशकात. तिथलं उतरत्या पंख्यासारखं सभागृह छायाचित्रकारांचं लाडकं आहे. लाल वीट, मोकळं आवार, कडेने इमारती हे सगळं तिथेही आहे, अधिक भव्य प्रमाणात. त्या भव्यतेत युवास्क्युलाची घरगुती ऊब मात्र थोडी हरवली आहे. अभियंत्यांच्या विद्यापीठात सरावशाळेतली पोरं नसतात, हेही त्याचं एक कारण असावं.

शिक्षक प्रशिक्षणाचंही पुढे बरंच बदललं. सत्तरीच्या दशकात फिनलंडने सगळी शिक्षक विद्यालयं विद्यापीठांत विलीन केली, आणि १९७९ पासून प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी बंधनकारक झाली. सरावशाळा विद्यापीठांकडेच राहिल्या. 'पिसा'त चमकलेल्या मुलांना शिकवणारी पिढी याच व्यवस्थेतून आली. युवास्क्युलात शिक्षणशास्त्राच्या विद्याशाखेला २०१५ मध्ये रूसुपुइस्तो नावाची नवी इमारत मिळाली, आल्टोच्या परिसराच्या अगदी शेजारी. आल्टोच्या मुख्य इमारतीत समारंभ, व्याख्यानं, प्रशासन चालू आहेच. सबंध सेमिनारिनमाकी फिनलंडच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तुपरिसरांच्या यादीत आहे, त्यामुळे खिडकीची चौकट बदलायची तरी विचारपूस करावी लागते.

टेकडीच्या पायथ्याशी आल्टोने बांधलेली दोन संग्रहालयं आहेत: मध्य फिनलंडचं प्रादेशिक संग्रहालय १९६१ चं, आणि त्याच्या स्वतःच्या नावाचं १९७३ चं. २०२४ मध्ये मधली मोकळी जागा बांधून दोन्ही जोडली गेली आणि आता ती 'आल्टो दोन' या नावाने एकत्र चालतात. तिथे नकाशे, खुर्च्या, फुलदाण्या काचेआड पाहायला मिळतात. विद्यापीठाचा परिसर मात्र काचेआड नाही. दिवसा कुणीही आत चालत जाऊ शकतं, भोजनगृहात विद्यार्थ्यांशेजारी बसून जेवू शकतं. १९५५ चा तो तलावही, अनेक वेळा वाढवलेला आणि आता 'आल्टोअल्वारी' म्हणून ओळखला जाणारा, आज गावाच्या मालकीचा आहे, आणि तिकीट काढून कोणालाही तिथे पोहता येतं.